मधमाशांच्या पेट्यांतील पत्रे : क्रायसाऊचे मोल्टके घराणे

जर्मन सरदार म्हटला की एक ठरावीक चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. एका डोळ्यावर भिंग, छातीवर पदकांची रांग, ताठ मान आणि तोंडी आज्ञेची भाषा. या चित्राला साजेसे एखादे आडनाव सांगायचे झाले, तर ते 'फॉन मोल्टके' हेच सांगावे लागेल. प्रशियाच्या ज्या सेनेने १८६६ मध्ये ऑस्ट्रियाला आणि १८७०-७१ मध्ये फ्रान्सला नमवले, त्या सेनेची आखणी करणारा फील्ड मार्शल याच घराण्यातला होता.

आजचा धागा मात्र त्याच घराण्यातील एका वकिलाविषयी आहे. त्या वकिलाने कोणतीही लढाई लढली नाही, कोणावर गोळी झाडली नाही, कोणता कट तडीस नेला नाही. तरीही २३ जानेवारी १९४५ रोजी, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी, बर्लिनच्या प्लोट्झनझे तुरुंगात त्याला फाशी देण्यात आले. त्याचा गुन्हा कोणता, या प्रश्नाचे उत्तर खुद्द त्याने आपल्या पत्नीला तुरुंगातून लिहून कळवले होते. त्या उत्तराकडे जाण्यापूर्वी त्याचे घर पाहिले पाहिजे, कारण या कथेत घराला माणसाइतकेच महत्त्व आहे.

ते घर सायलेशिया प्रांतातील क्रायसाऊ या गावी होते. १८६६ च्या विजयानंतर राजाने हेल्मुट फॉन मोल्टके या सेनापतीला मोठी रक्कम बक्षीस दिली आणि त्या पैशातून त्याने १८६७ मध्ये ही जमीन विकत घेतली. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर ती मोहीम फत्ते केल्याबद्दल मिळालेल्या इनामाची जमीन होती. हा सेनापती अबोल म्हणून प्रसिद्ध होता. त्याला सात भाषा येतात आणि सातही भाषांत तो गप्प बसतो, असे लोक गमतीने म्हणत. क्रायसाऊ घेतल्यावर पुढच्याच वर्षी त्याची इंग्रज पत्नी मेरी वारली. वाड्याजवळच्या टेकडीवर त्याने तिच्यासाठी समाधिस्थान बांधले आणि १८९१ मध्ये तो स्वतःही तिच्याशेजारी विसावला. त्यांना मूल नव्हते.

क्रायसाऊच्या वाड्याच्या जिन्यात दोन मोठी भित्तिचित्रे आहेत. एकात १८०६ साली ल्युबेक शहर लुटणारे फ्रेंच सैनिक दिसतात. त्या लुटीत मोल्टके कुटुंबाचे घरही सापडले होते आणि पुढचा फील्ड मार्शल तेव्हा सहा वर्षांचा होता. दुसऱ्या चित्रात १८७१ साली पॅरिसमध्ये शिरणारे जर्मन सैन्य आहे. अपमान आणि त्याची परतफेड. या घरात वाढणाऱ्या प्रत्येक मुलाला जिना चढता-उतरताना इतिहासाचा एवढाच धडा भिंतीवरून मिळत असे.

इस्टेट पुतण्याकडे गेली. त्या पुतण्याचा सख्खा भाऊ, म्हणजे 'धाकटा मोल्टके', १९१४ मध्ये जर्मन सेनेचा प्रमुख होता आणि मार्नच्या लढाईत त्याचे गणित चुकले. एका मोल्टकेने साम्राज्य उभारण्यास हातभार लावला, दुसऱ्याच्या हाती असताना त्याच्या पडझडीस आरंभ झाला. १९१८ मध्ये कैसर गेला आणि १९१९ च्या वायमार राज्यघटनेने सरदारांचे कायदेशीर विशेषाधिकार काढून घेतले. 'ग्राफ' म्हणजे काउंट. हा किताब त्यानंतर केवळ आडनावाचा एक भाग म्हणून उरला. आजही जर्मनीत 'ग्राफ' वा 'फॉन' लिहिणाऱ्याला कायद्याने इतर नागरिकांहून तसूभरही जास्त अधिकार नाहीत. हे लक्षात घेतल्याशिवाय विसाव्या शतकातील जर्मन उमराव समजत नाही. मोठे नाव, जुना वाडा, भलेमोठे कर्ज, आणि या सगळ्याचे आता करायचे काय हा प्रश्न, एवढे त्याच्या वाट्याला आले होते.

हेल्मुट जेम्स यांचा जन्म ११ मार्च १९०७ रोजी क्रायसाऊ येथे झाला. नात्याने ते फील्ड मार्शलच्या पुतण्याचे नातू. 'हेल्मुट' हे नाव त्या सेनापतीकडून आले. 'जेम्स' हे मात्र थेट दक्षिण आफ्रिकेतून. त्यांची आई डोरोथी ही सर जेम्स रोझ इन्स यांची मुलगी. हे रोझ इन्स पुढे दक्षिण आफ्रिकेचे सरन्यायाधीश झाले, आणि वर्णाच्या आधारे कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावून घेण्यास विरोध करणाऱ्या उदारमतवाद्यांत त्यांची गणना होते. त्यांची मुलगी जर्मनीत आली, क्रायसाऊच्या तरुण वारसदाराशी विवाहबद्ध झाली आणि चार मुलगे व एक मुलगी यांची आई झाली. महायुद्धाच्या काळात ती 'शत्रुराष्ट्रा'तली सून ठरली होती. ती माहेरी नियमित पत्रे लिहीत असे आणि ती पत्रे आज पुस्तकरूपाने उपलब्ध आहेत. पत्रे लिहिणे आणि ती जपून ठेवणे हा या घराचा जणू कुलधर्मच असावा.

दोन आजोबांचा हा विरोधाभास हेल्मुट जेम्स यांच्यात आयुष्यभर दिसतो. बापाकडून तलवारीचे घराणे, आईकडून न्यायासनाचे. त्यांनी आईची बाजू उचलली आणि कायदा शिकले.

क्रायसाऊपासून जवळच वाल्डनबुर्गचा कोळसा पट्टा होता. तेथील खाणकामगारांची दैना तरुण मोल्टके यांनी पाहिली. १९२८ मध्ये समाजशास्त्रज्ञ ओयगेन रोझेनश्टॉक-ह्यूसी यांच्या मार्गदर्शनाखाली कामगार, शेतकरी आणि विद्यार्थी यांची एकत्र श्रमशिबिरे भरली. सकाळी अंगमेहनत, दुपारी व्याख्यान आणि चर्चा. ही शिबिरे घडवून आणणाऱ्या तरुणांत मोल्टके होते. खाणीतला मजूर आणि जमीनदाराचा मुलगा एका बाकावर बसून वाद घालू शकतात, हा अनुभव त्यांनी तेथून घेतला. पुढच्या काळाचे बीज त्यातच होते, असे म्हणायला हरकत नाही.

इकडे इस्टेट बुडायच्या बेतात आली होती. मंदी आणि कर्ज यांनी घेरलेल्या क्रायसाऊचा कारभार वयाच्या अवघ्या २२ व्या वर्षी हेल्मुट जेम्स यांच्या गळ्यात पडला. त्यांनी सावकारांशी बोलणी केली, जमिनीचे काही तुकडे विकले आणि उरलेले वाचवले. वाडा गरम ठेवणे परवडेना, म्हणून कुटुंब टेकडीवरच्या साध्या घरात, 'बेर्गहाउस'मध्ये राहू लागले. फील्ड मार्शलचा वारस स्वतःच्याच इस्टेटीतल्या छोट्या घरात राहतो आणि हिशेबाच्या वह्या तपासतो, हे दृश्य वरवर पाहता केविलवाणे वाटेल. पुढे जे घडले ते मात्र या छोट्या घरातच घडले.

१९२९ च्या उन्हाळ्यात ऑस्ट्रियातील ग्रुंडलझे येथे त्यांची भेट फ्राया डाइशमान यांच्याशी झाली. कोलोनच्या एका बँकर कुटुंबातली ही अठरा वर्षांची मुलगी. १८ ऑक्टोबर १९३१ रोजी त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षी डाइशमानांची बँकही बुडाली होती. म्हणजे दोन नावाजलेल्या घराण्यांतील दोन खिसे रिकाम्या व्यक्तींचा हा संसार. फ्राया यांनीही कायद्याचा अभ्यास केला आणि १९३५ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पण वकिली न करता त्यांनी क्रायसाऊची शेती सांभाळली. पती बर्लिनमध्ये, पत्नी गावी. या दुराव्यामुळेच आज आपल्याला ही कथा इतक्या तपशिलात ठाऊक आहे.

हिटलर सत्तेवर आला तेव्हा मोल्टके यांच्यापुढे न्यायाधीश होण्याचा मार्ग मोकळा होता. त्यासाठी पक्षाशी जुळवून घ्यावे लागणार होते. म्हणून त्यांनी तो मार्ग सोडला आणि बर्लिनमध्ये वकिली सुरू केली. देश सोडू पाहणाऱ्या, विशेषतः ज्यू अशिलांना ते मदत करीत. जोडीला इंग्लंडला ये-जा करून त्यांनी लंडनच्या इनर टेंपलमधून बॅरिस्टरची पात्रता मिळवली. तेथे त्यांचा आधार होते आजोबांच्या ओळखीतले लायनेल कर्टिस. हे नाव भारतीय वाचकाला अगदीच परके नाही. १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांतून मुंबई इलाख्यासह इतर प्रांतांत जी द्विदल राज्यपद्धती आली, तिच्या कल्पनेचा पुरस्कार करणाऱ्यांत हेच कर्टिस अग्रभागी होते. आपल्या पाठ्यपुस्तकात चार गुणांसाठी येणारा हा गृहस्थ एका जर्मन काउंटचा लंडनमधील पाठीराखा होता, ही इतिहासाची एक गंमत.

लंडनला स्थायिक होणे मोल्टके यांना शक्य होते. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा ते जर्मनीतच होते. आंतरराष्ट्रीय कायद्याचे जाणकार म्हणून त्यांना लष्करी गुप्तवार्ता खात्यात, अ‍ॅडमिरल कानारिस यांच्या हाताखाली, घेण्यात आले. गणवेशाऐवजी साधा कोट, शस्त्राऐवजी टिपणे. युद्धकैद्यांना करारांप्रमाणे वागवले जावे, ओलिसांना गोळ्या घालू नयेत, यासाठी ते बैठकांमागून बैठकांत मुद्दे मांडत राहिले. बहुतेक वेळा हरले. कधीमधी एखादा आदेश लांबला, एखादा सौम्य झाला. त्या लांबण्यातून आणि सौम्य होण्यातून काही माणसे वाचली. हे काम डोळ्यांत भरणारे नाही, आणि वाचलेल्या माणसाला आपण कोणामुळे वाचलो हे कळण्याचा संभवही नाही.

बर्लिनहून ते फ्रायांना जवळजवळ रोज पत्र लिहीत. अक्षर इतके बारीक की वाचायला सवय लागावी. दीड हजाराहून अधिक पत्रे लिहिली गेली. त्यांत मंत्रालयातल्या भेटीगाठी आहेत, बाँबवर्षाव आहे, त्यात पेरणी कशी झाली याची चौकशी आहे, मुलांची, कास्पार आणि कोनराड यांची, खबरबात आहे, आणि मधमाशा आहेत. मोल्टके यांना मधमाशा पाळण्याचा छंद होता आणि युरोप जळत असताना ते पोळ्यांविषयी आस्थेने विचारीत. ही पत्रे घरात ठेवणे म्हणजे गळ्याला फास ठेवणे. फ्रायांनी ती मधमाशांच्या पेट्यांत लपवली. झडती घेणाऱ्याने सारे घर उलथेपालथे केले असते. पण पोळ्यात हात घालण्यापूर्वी त्याने नक्कीच दोनदा विचार केला असता.

ऑक्टोबर १९४१ मधील एक पत्र या साऱ्यांत वेगळे उठून दिसते. बर्लिनमधून ज्यूंना पूर्वेकडे पाठवणे तेव्हा सुरू झाले होते. व्याप्त प्रदेशांतील कत्तलींची माहिती मोल्टके यांच्या मेजावर येत होती. हे सगळे कळूनही आपण ऊबदार घरात चहा कसा पितो, पुढे कोणी विचारले की तेव्हा तू काय करीत होतास, तर काय सांगायचे, या आशयाची बोचणी त्या पत्रात आहे. आपण शासनाच्या यंत्रात बसलो आहोत, म्हणजे काही अंशी त्यात सहभागी आहोत, हे त्यांनी स्वतःपासून लपवले नाही. त्यांच्या जागी बसलेल्या हजारो सुशिक्षित अधिकाऱ्यांना हीच माहिती होती. त्यांतील किती जणांनी हा प्रश्न कागदावर लिहिला?

या बोचणीतून जे उभे राहिले, त्याला पुढे गेस्टापोने 'क्रायसाऊ मंडळ' असे नाव दिले. मोल्टके आणि पेटर योर्क फॉन वार्टनबुर्ग हे दोघे त्याच्या केंद्रस्थानी. योर्क हेही एका प्रशियन फील्ड मार्शलचे वंशज. त्यांच्याभोवती जमलेली माणसे पाहिली की श्रमशिबिराचे ते बाक आठवते. कार्लो मीरेनडॉर्फ, टेओडोर हाउबाख आणि आडोल्फ राइखवाइन हे समाजवादी. आउगुस्टिन र्‍योश आणि आल्फ्रेड डेल्प हे जेझुइट पाद्री. ओयगेन गेर्स्टनमायर आणि तुरुंगाचे धर्मोपदेशक हाराल्ड पोएल्खाउ हे प्रोटेस्टंट. परराष्ट्र खात्यातले आडाम फॉन ट्रोट. एरवी एकमेकांच्या सावलीलाही उभी न राहणारी ही माणसे. एरवीच्या बैठका बर्लिनमध्ये दोघा-चौघांच्या होत. मोठ्या बैठका तीनच झाल्या, तिन्ही बेर्गहाउसमध्ये : मे १९४२, ऑक्टोबर १९४२ आणि जून १९४३. बाहेरून पाहणाऱ्याला सुट्टीसाठी गावी आलेले पाहुणे दिसत. फ्राया आणि योर्क यांच्या पत्नी मारिओन यजमानीण होत्या आणि चर्चेतही बसत.

त्यांचा विषय होता हिटलरनंतरची जर्मनी. पराभव होणार हे त्यांनी धरून चालले होते. आणि ज्या काळात पराभवाची नुसती शक्यता बोलून दाखवणे हा देहदंडाचा गुन्हा होता, त्या काळात. राज्य वरून खाली न बांधता गावापासून, लहान समूहांपासून वर बांधावे. धर्म आणि विवेक यांचे स्वातंत्र्य असावे. अत्याचार करणाऱ्यांवर खटले चालावेत. आणि युरोपातील राष्ट्रांनी एकत्र यावे. ऑगस्ट १९४३ मध्ये याचा मसुदा तयार झाला. त्यातील काही कल्पना आज भाबड्या वाटतात. पक्षीय लोकशाहीवर या मंडळींचा पुरता विश्वास नव्हता आणि त्यांच्या आराखड्यात थेट निवडणुकीला जागा कमी होती. वायमार प्रजासत्ताक कोसळताना त्यांनी पाहिले होते, त्याची ही भीती होती. त्यांना आजच्या लोकशाहीचे जनक म्हणणे योग्य नव्हे. पण एका मेजावर बसून मतभेद कागदावर आणण्याची जी सवय त्यांनी लावून घेतली, ती मसुद्यापेक्षा मोलाची होती.

मंडळाबाहेरही मोल्टके यांची खटपट सुरू होती. एप्रिल १९४२ मध्ये डीट्रिख बोनहोफर यांच्यासोबत ते नॉर्वेला गेले, तेथील चर्चच्या प्रतिकाराला बळ देण्यासाठी. म्युनिकच्या 'श्वेत गुलाब' गटातील विद्यार्थ्यांचे अखेरचे पत्रक त्यांनी १९४३ मध्ये स्कँडिनेव्हियात पोहोचवले. ते इंग्लंडला गेले, आणि त्याच्या हजारो प्रती ब्रिटिश विमानांनी जर्मनीवर टाकल्या. त्याच वर्षी दोनदा ते तुर्कस्तानला गेले, दोस्त राष्ट्रांशी संधान बांधण्याच्या आशेने. ते साधले नाही.

आता त्यांच्याविषयीच्या सर्वांत अवघड प्रश्नाकडे. मोल्टके हिटलरच्या हत्येच्या विरोधात होते. नव्या राज्याचा पाया खुनावर घालू नये, हे एक कारण. सेनापतींवर त्यांचा भरवसा नव्हता, हे दुसरे. आणि तिसरे कारण इतिहासाचे होते : १९१८ नंतर 'आमचे सैन्य हरले नव्हते, घरच्यांनी पाठीत खंजीर खुपसला' ही दंतकथा पसरली आणि तिच्यावर हिटलर पोसला गेला. हिटलर कटात मेला असता तर तीच दंतकथा पुन्हा उगवली असती. पराभव पूर्ण आणि उघड व्हावा, म्हणजे कोणाला भ्रम उरणार नाही, असे त्यांचे म्हणणे.

हा युक्तिवाद चोख आहे आणि तरीही तो वाचताना अस्वस्थ व्हायला होते. कारण पूर्ण पराभवाची वाट पाहण्याची किंमत रोज कोणीतरी दुसरेच मोजत होते, रणांगणावर आणि छावण्यांत. मोल्टके यांना ते ठाऊक होते. त्यांच्याच मेजावर ती आकडेवारी येत होती. त्यांच्या मित्रांपैकी योर्क आणि इतर काही जण शेवटी श्टाउफेनबेर्गच्या बाजूने गेले. त्यांचे चुकले असे म्हणणे कठीण, आणि मोल्टके यांचे चुकले असे ठामपणे म्हणणेही तितकेच कठीण.

नियतीने त्यांना निवड करण्याची वेळच येऊ दिली नाही. सप्टेंबर १९४३ मध्ये बर्लिनमधील एका चहापानाला गेस्टापोचा हेर हजर होता. त्या मंडळींवर पाळत आहे हे मोल्टके यांच्या कानी आले आणि त्यांनी त्यांतील ओटो कीप यांना सावध केले. ही सूचना उघडकीस आली आणि १९ जानेवारी १९४४ रोजी मोल्टके यांना अटक झाली. त्यांना राव्हेन्सब्र्युक छावणीच्या कोठडीत ठेवले गेले. तोवर आरोप किरकोळ होता आणि सुटकेची आशा होती. २० जुलैला श्टाउफेनबेर्गचा बाँब फुटला, हिटलर वाचला, आणि धरपकडीत क्रायसाऊचे नाव बाहेर आले. ८ ऑगस्टला योर्क फासावर गेले. सप्टेंबरअखेर मोल्टके यांना बर्लिनच्या टेगेल तुरुंगात हलवण्यात आले.

टेगेलमध्ये एक योगायोग घडला. तेथील धर्मोपदेशक होते हाराल्ड पोएल्खाउ, क्रायसाऊच्या पहिल्या बैठकीला हजर असलेले. ही गोष्ट गेस्टापोला कधीच कळली नाही. पोएल्खाउ कैद्यांना भेटायला जात आणि येताना-जाताना त्यांच्या खिशात पत्रे असत. पुढचे जवळजवळ चार महिने पती-पत्नी एकमेकांना लिहीत राहिले. उद्या मरण येईल, कदाचित परवा, कदाचित येणारही नाही, अशा अवस्थेतील ही पत्रे. त्यांत निरोप आहे, प्रार्थना आहे, बचावाचे मुद्दे आहेत, मुलांच्या वाढण्याविषयी सूचना आहेत. प्रत्येक पत्र शेवटचे समजून लिहिलेले, आणि मग आणखी एक. पकडले गेले असते तर पोएल्खाउ यांचाही जीव गेला असता.

खटला ९ ते ११ जानेवारी १९४५ या काळात 'लोकन्यायालया'पुढे चालला. न्यायाधीश रोलांड फ्रायस्लर. आरोपींवर किंचाळण्यासाठी कुप्रसिद्ध. सरकारची अडचण अशी की बाँबच्या कटाशी मोल्टके यांचा संबंध जोडता येईना, ते जानेवारीपासून कोठडीत होते. मग उरले काय? पाद्र्यांशी, तेही जेझुइटांशी, बसून त्यांनी भविष्याचा विचार केला, एवढेच. फ्रायस्लरने त्यालाच राजद्रोह ठरवले आणि देहदंड दिला.

निकालाच्या सुमारास मोल्टके यांनी फ्रायांना जी लांबलचक पत्रे लिहिली, त्यांत एक अनपेक्षित सूर आहे, जवळजवळ आनंदाचा. हिंसेच्या आरोपातून आपण पूर्ण मोकळे झालो, केवळ विचार केल्याबद्दल आपल्याला मारले जात आहे, आणि शत्रूनेच तसे भर न्यायालयात जाहीर केले, याचे त्यांना समाधान होते. आपण त्या पिंजऱ्यात प्रोटेस्टंट म्हणून, जमीनदार म्हणून, उमराव म्हणून, प्रशियन म्हणून किंवा जर्मन म्हणून उभे नव्हतो, केवळ एक ख्रिस्ती माणूस म्हणून उभे होतो, असा त्या लेखनाचा आशय. जन्माने मिळालेली एकेक ओळख तो माणूस अंगावरच्या वस्त्रासारखी उतरवून ठेवतो आणि त्या यादीत आपले उमरावपणही घालतो. जिन्यातल्या त्या दोन चित्रांपासून हा माणूस किती दूर चालत आला होता, ते येथे कळते.

२३ जानेवारीला सकाळी पोएल्खाउ त्यांना भेटले. दुपारी पुन्हा गेले तेव्हा कोठडी रिकामी होती. त्याच दिवशी हाउबाख यांनाही फाशी झाली. मोल्टके यांना कबर नाही. फील्ड मार्शलचे समाधिस्थान टेकडीवर आहे. पुतण्याच्या नातवाची राख कोठे गेली ते कोणी नोंदवले नाही.

अकरा दिवसांनी, ३ फेब्रुवारीला, बर्लिनवरील हवाई हल्ल्यात फ्रायस्लर ठार झाला. त्याच्या विधवेला पश्चिम जर्मनीत निवृत्तिवेतन तर मिळालेच, पण पती जगता तर युद्धानंतरही उच्च पदावर चढला असता या गृहीतकावर तिला जादा भरपाईही मंजूर झाली. १९८५ मध्ये हे उघडकीस आले तेव्हा मोठा गहजब झाला. यावर टिप्पणी करण्याची आवश्यकता नाही.

फ्राया तेव्हा ३३ वर्षांच्या होत्या. पदरी सात आणि तीन वर्षांचे दोन मुलगे. सोव्हिएत सैन्य आले, सायलेशिया पोलंडकडे गेला, जर्मन रहिवाशांना घरे सोडावी लागली. १९४५ च्या शरद ऋतूत त्यांनी क्रायसाऊ सोडले. वाडा, शेती, फील्ड मार्शलच्या वस्तू, सगळे मागे राहिले. पत्रे बरोबर आली. १९४७ मध्ये त्या मुलांना घेऊन सासूच्या माहेरी, दक्षिण आफ्रिकेत गेल्या. तेथे वर्णभेदाचे राज्य पक्के होत गेले, तेव्हा १९५६ मध्ये त्यांनी तो देशही सोडला. जे एका देशात पाहिले तेच दुसऱ्या देशात निमूट पाहत राहणे त्यांना जमले नाही. १९६० पासून त्या अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात, श्रमशिबिरांचे ते जुने मार्गदर्शक रोझेनश्टॉक-ह्यूसी यांच्यासोबत राहिल्या. क्रायसाऊ परत मिळावे अशी मागणी त्यांनी कधी केली नाही. ते आता पोलंडचे आहे, हे त्यांनी स्वीकारले होते.

क्रायसाऊचे नाव आता क्शिझोवा. युद्धानंतर तेथे सरकारी शेती झाली आणि वाडा ढासळत गेला. मग १९८९ उजाडले. नोव्हेंबरमध्ये जर्मनीचे चान्सलर हेल्मुट कोल पोलंडच्या दौऱ्यावर असताना बर्लिनची भिंत पडली. कोल दौरा मध्येच सोडून बर्लिनला धावले आणि परत आले. १२ नोव्हेंबरला क्शिझोवाच्या अंगणात प्रार्थना झाली आणि पोलंडचे पंतप्रधान तादेउश माझोव्हिएत्स्की व कोल यांनी एकमेकांना आलिंगन दिले. विजयाच्या बक्षिसातून घेतलेल्या त्या जागेवर हे घडावे! १९९८ मध्ये तेथे युरोपातील तरुणांसाठी आंतरराष्ट्रीय भेट केंद्र सुरू झाले. बेर्गहाउस दुरुस्त झाले. जिन्यातली चित्रे जपून ठेवली आहेत. पोलिश आणि जर्मन मुले त्यांच्यासमोरून ये-जा करतात.

बर्लिनहून आलेली पत्रे फ्रायांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध होऊ दिली. टेगेल तुरुंगातली पत्रे मात्र त्यांनी कोणाला दिली नाहीत. त्यांतला त्यांचा स्वतःचा आवाज त्यांनी साठ वर्षांहून अधिक काळ आपल्यापाशी ठेवला. १ जानेवारी २०१० रोजी, वयाच्या ९८ व्या वर्षी, व्हरमाँटमधील नॉर्विच येथे त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी थोरला मुलगा हेल्मुट कास्पार आणि सून यांनी ती पत्रे छापली. पोएल्खाउंच्या खिशातून आत गेलेली फ्रायांची पत्रे आणि बाहेर आलेली मोल्टके यांची पत्रे त्या पुस्तकात पहिल्यांदा समोरासमोर आली, तारीखवार, एकाखाली एक.